झिजलेल्या इंजिनास पिस्टन कोणत्या मापाचा घालावा?

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी व त्याच्या आसपासच्या गावांत बागायतीचा बराचसा भार विहिरींवर आहे. या विहिरींवर आता बहुतेक ठिकाणी विजेचे पंप बसले असून अलीकडे सौर पंपही दिसू लागले आहेत. तथापि तेलावर चालणारे इंजिन शेतीतून गेले, असे मात्र नव्हे. विहिरीच्या काठावरून उठून ते ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली जाऊन बसले आहे. माल बाजारात नेणाऱ्या जीपमध्ये व टेम्पोत ते आहेच. आणि विजेची पाळी रात्रीची आली किंवा रोहित्र जळाले, म्हणजे गोठ्याच्या कडेला झाकून ठेवलेले पंपाचे जुने इंजिनही पुन्हा बाहेर काढले जाते.

अशा इंजिनाचे वय झाले की ते सकाळी लवकर सुरू होत नाही, वंगण तेल पिऊ लागते, धुराड्यातून निळसर धूर सोडते आणि ब्रीदरच्या नळीतून वाफारा टाकते. मिस्त्री सांगतो, ‘इंजिन बांधावे लागेल.’ त्यानंतर जो प्रश्न येतो त्याचे उत्तर बहुधा घाईत दिले जाते. पिस्टन मूळ मापाचा, म्हणजे स्टँडर्ड, घालावयाचा की वाढीव मापाचा, म्हणजे ओव्हरसाईज? आणि वाढीव घालावयाचा तर किती वाढीव? पेरणी तोंडावर आलेली असते, दुकानात जो पिस्टन शिल्लक असेल तो उचलला जातो आणि त्या पिस्टनासाठी ब्लॉक कोरला जातो. वस्तुतः क्रम उलटा असावयास हवा. सिलिंडर किती झिजला आहे याचे माप आधी, पिस्टनाची निवड नंतर. मापात दशांश मिलिमीटरची चूक झाली तरी इंजिन पुन्हा खोलावे लागते, आणि दरम्यान वापसा निघून जातो.

वाढीव पिस्टन कोणत्या मापांत मिळतात

सिलिंडर झिजला म्हणजे त्याचा व्यास वाढतो व तो सर्वत्र सारखा राहत नाही. यंत्रावर कोरून तो पुन्हा गोल व सरळ करावा लागतो. कोरल्यामुळे तो मूळ मापापेक्षा मोठा होतो, म्हणून त्यात मोठा पिस्टन व मोठ्या रिंगा घालाव्या लागतात. हे वाढीव पिस्टन ठराविक पायऱ्यांनी तयार होतात. मूळ मापावर ०.२५, ०.५०, ०.७५ व १.०० मिलिमीटर अशा या पायऱ्या असतात. इंची मापाच्या इंजिनात याच पायऱ्या इंचाच्या हजाराव्या भागांत सांगितल्या जातात, आणि कारखान्यांत त्यांना नुसते ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’, ‘चाळीस’ म्हणतात. इंचाचे दहा हजारांश म्हणजे पाव मिलिमीटरहून किंचित अधिक. प्रत्येक इंजिनास चारही पायऱ्या मिळतातच असे नाही. कित्येक इंजिनांस ०.५० व १.०० एवढ्या दोनच मिळतात, तर काहींस एकही नसते.

आपल्याकडे दोन्ही पद्धतींची इंजिने वापरात आली आहेत. सातारा रोडचा कूपर कारखाना, १९४६ साली स्थापन झालेली पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि कोल्हापुरातील कारागिरांचे कारखाने यांनी महाराष्ट्राच्या शेतीस इंजिने पुरविली. गुजरातेतील राजकोट येथून इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीची संथ गतीची इंजिनेही येत राहिली. लिस्टर धर्तीच्या सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचा सिलिंडर साडेचार इंचांचा, म्हणजे ११४.३ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि ते मिनिटास ६५० फेरे घेते. किर्लोस्करच्या एव्ही-१ या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनाची धाव ११० मिलिमीटर व फेरे १५०० आहेत. पुढील हिशेबासाठी ८० मिलिमीटरचाच सिलिंडर घेतला आहे, कारण आकडे ध्यानात ठेवण्यास तो सोपा आहे.

मोठा पिस्टन घातला म्हणजे इंजिनाची शक्ती वाढेल, अशी समजूत काही शेतकऱ्यांत आढळते. ८० ऐवजी ८०.५० मिलिमीटरचा पिस्टन घातल्यास सिलिंडरातील जागा शेकडा सव्वा टक्क्याने वाढते. ८१ मिलिमीटरचा घातल्यास शेकडा अडीच टक्क्यांनी. पंपाच्या पाण्यात हा फरक डोळ्यांस दिसणार नाही. उलट सिलिंडरची भिंत तेवढी पातळ होते. सबब, शक्तीच्या आशेने मोठे माप निवडण्यात काहीच अर्थ नाही. दुरुस्त केलेल्या इंजिनात जो जोर आल्यासारखा वाटतो तो पिस्टन मोठा झाल्याचा नसतो. गळती बंद झाल्याचा असतो.

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही

पिस्टन वरच्या टोकाशी येऊन थांबतो व फिरतो, त्या ठिकाणी सर्वांत वरची रिंग असते. तेथे उष्णता अधिक, ज्वलनाचा दाब अधिक आणि तेलाचा थर सर्वांत विरळ. म्हणून झीज मुख्यतः तेथे होते आणि खाली खाली कमी होत जाते. सिलिंडराच्या अगदी वरच्या काठाशी, जेथवर रिंग पोचत नाही, तेथे मूळ धातू तसाच राहून एक कड तयार होते. बोटाचे नख वरून खाली फिरविले तर ते या कडेवर अडकते. नख अडकले की झीज बरीच आहे असे समजावे, परंतु नखाने झिजेचे माप कळत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, कनेक्टिंग रॉड तिरपा होतो तेव्हा पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेटला जातो. ही बाजू क्रँक शाफ्टच्या लांबीशी काटकोनात असते. ज्वलनाच्या धक्क्याच्या वेळी ज्या भिंतीवर रेटा येतो, ती समोरच्या भिंतीपेक्षा अधिक झिजते. त्यामुळे सिलिंडर वर रुंद व खाली अरुंद तर होतोच, शिवाय लंबगोलही होतो. गोल रिंग लंबगोल सिलिंडरात बसू शकत नाही. नव्या महागड्या रिंगा घालूनही इंजिन तेल खातच राहते ते याच कारणाने.

माप कसे घ्यावे

माप घेण्याचे खरे साधन म्हणजे घड्याळाचा बोअर गेज. बोअर करणाऱ्या चांगल्या कारखान्यात तो असतोच. नसल्यास तेथे काम देऊ नये. सिलिंडर स्वच्छ पुसून तीन उंचींवर माप घ्यावे. एक कडेच्या लगेच खाली, एक मध्यावर व एक तळाशी, जेथे रिंगा पोचत नाहीत. प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजावे, एकदा क्रँकच्या लांबीच्या दिशेने व एकदा तिच्याशी काटकोनात. याप्रमाणे एका सिलिंडराची सहा मापे होतात. ती कागदावर लिहून घ्यावीत. मालकाने मापाच्या वेळी हजर राहून आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले तर मिस्त्रीस त्याचा राग येण्याचे कारण नाही. चांगला मिस्त्री उलट खूश होतो.

गावात बोअर गेज नसेल व इंजिन तालुक्याला नेण्यापूर्वी अंदाज हवा असेल, तर एका रिंगेने काम भागते. स्टँडर्ड मापाची नवी रिंग तळाच्या न झिजलेल्या भागात बसवावी, पिस्टन उलटा धरून तिला हलकेच ढकलून सरळ करावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजच्या पात्यांनी मोजावी. नंतर तीच रिंग वर, सर्वांत झिजलेल्या जागी आणून फट मोजावी. दोन फटींतील फरकास ३.१४ ने भागले म्हणजे व्यासातील वाढ मिळते. समजा, तळाशी फट ०.३० मिलिमीटर व वर ०.९३ मिलिमीटर भरली. फरक ०.६३ झाला, त्याला ३.१४ ने भागता व्यासाची वाढ सुमारे ०.२० मिलिमीटर येते. या रीतीने लंबगोलपणा कळत नाही, पण काम नुसत्या रिंगांवर भागेल की ब्लॉक कोरावा लागेल याचा अंदाज निश्चित येतो.

पायरी निवडण्याचा हिशेब

येथेच बहुतेक चुका होतात, म्हणून हा भाग ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांना कागदावर आकृती काढून समजावून द्यावा.

समजा, ८० मिलिमीटरच्या सिलिंडरातील सर्वांत मोठे माप ८०.२० मिलिमीटर भरले. पहिली पायरी ८०.२५ मिलिमीटरची आहे. वरवर पाहता ती पुरेशी वाटते, कारण ०.०५ मिलिमीटर धातू अद्याप शिल्लक दिसतो. परंतु झीज दोन्ही बाजूंस सारखी नाही. रेटा ज्या भिंतीवर येतो तिकडेच ती सर्व, म्हणजे ०.२० मिलिमीटर, झाली असेल तर मूळ मध्यापासून त्या भिंतीचे अंतर ४० ऐवजी ४०.२० मिलिमीटर झालेले असते. कोरणारे यंत्र सिलिंडराच्या मूळ मध्यावरच धरावे लागते. ते तळाच्या न झिजलेल्या भागावरून मध्य शोधते. त्या मध्यापासून ४०.२० मिलिमीटरपर्यंत पोचावयाचे तर व्यास ८०.४० मिलिमीटर झाला पाहिजे. ८०.२५ पर्यंत कोरल्यास झिजलेल्या बाजूला हत्यार लागणारच नाही आणि तेथे काळसर पट्टा तसाच राहील. म्हणून या सिलिंडरास पहिली पायरी चालणार नाही, ०.५० ची घ्यावी लागेल.

यावरून व्यवहारासाठी असा नियम धरता येईल: व्यासात जेवढी वाढ दिसते तिची दुप्पट करावी, तीत होनिंगसाठी थोडा धातू मिळवावा, आणि जो आकडा येईल त्याच्या लगेच वरची पायरी घ्यावी. झीज दोन्ही भिंतींवर वाटलेली असेल तर दुपटीहून कमी लागेल. ते कोरणारा कारागीर यंत्र लावून सांगू शकतो. यंत्राचा मध्य झिजलेल्या बाजूस थोडा सरकवून लहान पायरीत काम उरकण्याची युक्ती काही ठिकाणी करतात. तिला संमती देऊ नये. मध्य सरकला की पिस्टन व क्रँक एका रेषेत राहत नाहीत.

झीज फार थोडी असेल, उदाहरणार्थ व्यासात ०.०५ किंवा ०.०६ मिलिमीटर, तर ब्लॉक कोरण्याची गरजच नसते. वरची कड काढून, हलके होनिंग करून, जुन्याच पिस्टनावर नव्या रिंगा घालाव्यात. मात्र पिस्टनातील रिंगांच्या खाचा रुंद झालेल्या नसाव्यात. कड न काढता नवी रिंग घातली तर नव्या रिंगेचा चौकोनी काठ कडेवर आपटतो आणि रिंग किंवा पिस्टनाचा माथा फुटतो. झिजेची अखेरची मर्यादा प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली असते व ती प्रमाण मानावी.

मधल्या झिजेत एक खोटी काटकसर फार चालते. सिलिंडर न कोरता वाढीव मापाच्या रिंगा आणून त्यांची टोके कानशीने घासतात व त्या झिजलेल्या सिलिंडरात बसवितात. वरच्या रुंद भागात फट बरोबर दिसते. पिस्टन खाली अरुंद भागात उतरला की रिंगेची टोके एकमेकांस भिडतात. व्यासात ०.१० मिलिमीटरचा फरक असला तरी फटीत ०.३१ मिलिमीटरचा फरक पडतो. भिडलेली रिंग भिंतीत रुतते, भिंतीवर उभ्या चिरा पाडते, आणि पहिल्या पायरीत भागणारे काम तिसऱ्या पायरीवर जाते.

सर्वांत लहान पुरेशी पायरीच का निवडावी याचे कारण आता सांगितले पाहिजे. ब्लॉकचा धातू ही मालकाची शिल्लक आहे. मूळ माप व चार पायऱ्या मिळून एका ब्लॉकची फार तर पाच आयुष्ये होतात. ०.५० मध्ये भागत असता दुकानात होता म्हणून १.०० चा पिस्टन घातला, तर पुढच्या दोन दुरुस्त्या एका दिवसात खर्च झाल्या. शिवाय शेवटच्या पायरीवर भिंत पातळ होते, उष्णतेने ती अधिक वाकते, आणि काही इंजिनांत हेड गॅस्केटची आतील कड सिलिंडरात डोकावू लागते. उलटपक्षी, काटकसरीने अपुरी पायरी घेणेही तितकेच वाईट, हे वरील उदाहरणावरून दिसून येईल.

ट्रॅक्टरास तीन किंवा चार सिलिंडर असतात. तेथे सर्वांत अधिक झिजलेल्या सिलिंडराने पायरी ठरते व इतर सर्व त्याच पायरीवर कोरले जातात. एकात एक माप व दुसऱ्यात दुसरे ठेवल्यास पिस्टनांची वजने बिघडतात आणि पुढे सुटे भाग मागविताना घोटाळा होतो. मात्र एखादाच सिलिंडर अपघाताने खोल खरवडला असेल, जसे गजन पिनचे कुलूप सुटून, तर त्याच्यासाठी बाकीचे सगळे शेवटच्या पायरीवर नेणे शहाणपणाचे नव्हे. त्या एकात लोखंडी स्लीव्ह बसवून त्याला इतरांच्या मापावर आणता येते. संपूर्ण ब्लॉक शेवटच्या पायरीपलीकडे गेला असेल तरीही हाच उपाय आहे. स्लीव्ह बसविली की पिस्टन पुन्हा स्टँडर्ड घालता येतो.

आपल्या इंजिनात लायनर कोणता, हे आधी पाहावे

वरील सर्व हिशेब ज्या इंजिनाचा सिलिंडर कोरता येतो त्यालाच लागू आहे. सर्वांनाच ते शक्य नसते.

जुन्या जीपच्या पेट्रोल इंजिनात सिलिंडर ब्लॉकच्या धातूतच कोरलेला असे. विलीज जीपच्या चार सिलिंडरांचा व्यास ३ १/८ इंच होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाल्यानंतर विकास गटांच्या दिमतीस ज्या जीपा आल्या त्यांची इंजिने अशा रीतीने पुन्हा पुन्हा कोरून वर्षानुवर्षे चालविता आली. आजच्या पुष्कळशा मोटारींचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात. त्यांतील काहींत भिंतीवर अतिशय कठीण असा पातळ थर दिलेला असतो. तो साध्या रीतीने कोरता येत नाही. पुष्कळ चाललेली जुनी मोटार विकत घेऊन तिचे इंजिन बांधू पाहणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे, पुढचा विचार त्यानंतर.

ट्रॅक्टरात बहुधा लायनर, म्हणजे वेगळी लोखंडी नळी, असते. लायनरच्या बाहेरून पाणी प्रत्यक्ष खेळत असेल तर तो ओला लायनर. तो कोरण्याच्या भानगडीत न पडता स्टँडर्ड मापाचा नवा लायनर, पिस्टन व रिंगा असा पूर्ण जोड बदलणेच योग्य असते. बदलताना खालचे रबरी कडे नवे घालावे व लायनरची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा पुस्तिकेत सांगितली आहे तेवढीच वर राहते ना, हे तपासावे. ती खाली राहिली तर गॅस्केट दाबले जात नाही व पाणी तेलात उतरते. लायनर ब्लॉकमध्ये घट्ट दाबून बसविलेला व पाण्यापासून अलग असेल तर तो सुका लायनर. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या ट्रॅक्टरांत असलेल्या पर्किन्सच्या १५२ घनइंची तीन सिलिंडर इंजिनात तो असे. सुका लायनर पातळ असल्यास तोही बदलावाच. कोरण्याजोगा जाड असेल तर एखादी पायरी त्यातून काढता येते, परंतु नव्या लायनरची किंमत व कोरण्याची मजुरी यांची तुलना करून मगच निर्णय घ्यावा.

काही इंजिनांत स्टँडर्ड पिस्टनाच्याही प्रती असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या फरकाने त्यांना अक्षर किंवा आकडा दिलेला असतो. तो ब्लॉकवर व पिस्टनावर सारखा असावा.

पिस्टन हाती आल्यावाचून ब्लॉक कोरू नये

पायरी ठरली की प्रथम पिस्टन विकत आणावा, मग ब्लॉक कोरावयास द्यावा. हा क्रम मोडला तर कधी कधी मोठी अडचण होते. ब्लॉक ०.७५ वर कोरून तयार असतो आणि तो पिस्टन पुण्यापर्यंत कोठेच मिळत नाही. मग १.०० वर जाण्यावाचून गत्यंतर नसते. दुसरे असे की, प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने सिलिंडर पुरा करावयाचा असतो.

पिस्टन वर थोडा निमुळता व किंचित लंबगोल बनविलेला असतो, कारण तो तापल्यावर सर्वत्र सारखा फुगत नाही. त्याचे माप खालच्या भागात, गजन पिनशी काटकोनात, मायक्रोमीटरने घ्यावे. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून पिस्टन व भिंत यांत फट ठेवावी लागते. ही फट उत्पादकाने सांगितलेली असते. जुना ठोकताळा व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाचा आहे. समजा, ०.५० चा पिस्टन मोजता ८०.४२ भरला आणि पुस्तिकेत फट ०.०८ सांगितली आहे, तर सिलिंडर ८०.५० वर पुरा करावा. दुसऱ्या कंपनीचा ०.५० चाच पिस्टन ८०.४० भरू शकतो. फट कमी पडली तर भर उन्हात पंप चालत असता पिस्टन अडकतो. जास्त झाली तर पिस्टन खडखडतो व पुन्हा तेल खाणे सुरू होते.

कोरणाऱ्याने शेवटचे सुमारे ०.०५ मिलिमीटर होनिंगसाठी राखून ठेवावेत. होनिंगच्या दगडांनी भिंतीवर एकमेकांस छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा उठल्या पाहिजेत. त्या रेघांत तेल धरून राहते व रिंगा लवकर बसतात. आरशासारखी गुळगुळीत भिंत दिसावयास सुंदर असली तरी उपयोगाची नाही.

यानंतर धुणे. होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांत अडकून बसते. रॉकेलने किंवा डिझेलने ती निघत नाही, नुसती पसरते. कढत पाणी व साबण घेऊन ब्रशाने सिलिंडर धुवावा, पांढऱ्या फडक्याने पुसावा, आणि फडके स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा धुवावा. लगेच वंगण तेल लावावे, नाहीतर तासाभरात गंज चढतो. या कामास पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा ते टाळले जाते. नव्या पिस्टनाचे इंजिन एका हंगामात जुने होते, त्यामागे पुष्कळदा हीच भुकटी असते.

बसविताना प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरात घालून फट पाहावी. ८० मिलिमीटरच्या सिलिंडरास साधारणपणे पाव मिलिमीटरपासून ०.३२ मिलिमीटरपर्यंत फट ठीक समजली जाते. पिस्टन वर आणून त्याचा माथा व हेड यांमधील अंतर शिशाची तार ठेवून तपासावे. दुसऱ्या बनावटीच्या पिस्टनात गजन पिनची उंची वेगळी असू शकते आणि मग माथा हेडवर किंवा वाल्ववर आपटतो. कनेक्टिंग रॉड वाकलेला नाही ना, हेही पाहावे. क्रँकच्या मेटलवरही ०.२५, ०.५० असेच आकडे असतात, पण तेथे अर्थ उलट आहे. क्रँक घासून लहान होते म्हणून मेटल जाड घ्यावे लागते. चिठ्ठी लिहून मुलाला दुकानात पाठविताना पिस्टन व मेटल यांचे आकडे वेगवेगळे लिहून द्यावेत.

धूळ आणि थंड पाणी

पिस्टन बदलण्याची वेळ लवकर का येते, हेही येथे पाहिले पाहिजे. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चैत्र-वैशाखात रोटाव्हेटर चालविताना किंवा मळणीच्या वेळी ट्रॅक्टर धुळीच्या ढगातच उभा असतो. हवेबरोबर आत गेलेली धूळ वंगण तेलात मिसळून पॉलिशच्या मसाल्यासारखे काम करते. तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असेल तर अशा दिवसांत तो रोज उघडून पाहावा, गाळ साचला असल्यास धुवावा आणि तेल खुणेपर्यंतच भरावे. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी मात्र कोणी पाहत नाही. तिला चीर गेली किंवा तिचा पट्टा सैल झाला, तर क्लीनर कितीही स्वच्छ असला तरी धूळ मधूनच शिरते. नळी काढून आतून बोट फिरवावे. बोटास माती लागली तर नळी बदलल्याशिवाय नवा पिस्टन घालू नये.

विहिरीवरच्या इंजिनाचे आणखी एक दुखणे आहे. विहिरीचे गार पाणी इंजिनातून भरपूर सोडले म्हणजे ते सुरक्षित राहते, असे समजले जाते. प्रत्यक्षात फार थंड राहिलेल्या सिलिंडराच्या भिंतीवर ज्वलनातील वाफ जमते, डिझेलमधील गंधकाशी मिळून तिचे आम्ल होते व ते भिंत खाते. रिंगा तो खाल्लेला भाग घासून काढतात. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले कढत लागले पाहिजे. थंडगार पाणी पडत असेल तर तोटी थोडी आवळावी.

बांधलेल्या इंजिनास पहिले काही दिवस पूर्ण भार देऊ नये. परंतु ते तासन्‌तास रिकामेही चालवू नये, कारण भाराशिवाय रिंगा भिंतीवर नीट बसत नाहीत. मध्यम भारावर, मधून मधून भार बदलत चालवावे, पहिले वंगण तेल नेहमीपेक्षा लवकर बदलावे, आणि हेडचे नट पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पुन्हा आवळावेत.

पिस्टनाच्या माथ्यावर त्याच्या पायरीचा ठसा असतो, पण हेड बसल्यानंतर तो दिसत नाही. म्हणून इंजिन बंद करण्यापूर्वी सहाही मापे, निवडलेली पायरी, पिस्टनाची बनावट व तारीख इंजिनाच्या पुस्तिकेत लिहून ठेवावी आणि तोच आकडा ब्लॉकच्या दर्शनी कडेवर ठशाने उमटवून घ्यावा.